शांताच्या डोक्यावरची शपथ

प्रिय शांताचे बाबा,

'प्रिय' लिहिलं आणि हात थांबला. तुम्ही होता तेव्हा असं कधी म्हटलं नाही. तुम्ही असता तर कागद उलटसुलट करून पाहिला असता, बाई दुसऱ्या कुणाला तर लिहून राहिली नाही ना म्हणून! लिहायला बसलं की शाळेतलीच भाषा येते, चौथीपर्यंतची. बोलते तशी लिहायला गेले तर अक्षरं अडखळतात. तेव्हा हसू नका.

तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले. इतक्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही, मग आजच काऊन, असं म्हणाल. मला भीती वाटते आहे म्हणून. जिची भीती वाटते ती गोष्ट या गावात तुम्हाला आणि मलाच माहीत होती. आता एकटी मलाच. मग बोलायचं कुणाशी?

काल दुपारी रुखमा आली होती. तिला तुम्ही पाहिलं नाही. शेजारच्या वावरातल्या नामदेवची बायको. तुम्ही गेल्यावर त्याचं लग्न झालं. मी वांगी तोडत होते. ती धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, येऊन नुसती उभी राहिली.

"काय वं रुखमा, पाणी पाह्यजे काय?"

"नाई काकू." तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. मग म्हणाली, "काकू, काकाले बी असंच झालं होतं काय?"

"कसं?"

"ह्याईच्या पाठीवर चट्टा हाय. काटा टोचला तरी समजत नाई. आता मनगटावर बी आला. मले म्हणतात, माहेरी चालली जाय, दुसरं घर पाह्य. मी माहेरी जाऊन काय सांगू, काकू? गावात कोणीतरी बोललं का काका जालन्याले औषधाले जात होते..."

कोण बोललं? कधी बोललं? पाटीतल्या वांग्यांवरून माझी नजर वर उचलेना. माझं तोंड मात्र आपोआप चाललं. "कावीळ होती त्याईले. जालन्याचं औषध लागू पडे म्हणून जात होते." इतकी वर्षं घोटून ठेवलेलं खोटं, ते कसं चटकन आलं बघा!

ती गेली. जाताना त्यांच्या विहिरीपाशी थांबली. हातात बादली नाही, दोर नाही. काठावर ओणवी होऊन खाली बघत राहिली. मी ओरडले, "रुखमे!" तिनं मागं पाहिलं, पदर सारखा केला आणि घराकडे चालायला लागली.

तिला खरं सांगावं तर तुम्ही शपथ घातलेली. तीही शांताच्या डोक्यावर हात ठेवायला लावून! न सांगावं तर ती विहीर डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही आज असता तर काय म्हणाला असता? मला ठाऊक आहे, काही म्हणाला नसता. वाफ्यात पाणी सोडायला निघून गेला असता. बोलायची वेळ आली की तुम्हाला नेहमी पाणी सोडायचं असायचं.

सगळं आठवून आठवून लिहिते. लिहिता लिहिता कळेल मला.

आपलं मराठी राज्य झालं त्याच वर्षी आपलं लग्न झालं. इथं बीबी गावच्या शाळेत पोरांना पेढे वाटले होते आणि मी साखरखेर्ड्याहून नवी नवरी म्हणून आले होते. पहिलं वर्ष किती सुखाचं! तुम्ही मोट हाकायचे आणि मी वाफ्यांना पाणी द्यायची. बाजाराच्या दिवशी मेथीच्या आणि सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तुम्ही गाणं म्हणायचे, अगदी बेसूर. मी कानावर हात ठेवला की आणखी मोठ्यानं म्हणायचे.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात वावरातच भरीत करायचं ठरलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी टाकली. तुम्ही ती बोटांनीच उलटत होता. मी हसले. "सोंगं नका करू, भाजन हात!" तुम्ही आणखी ऐटीत निखारा बाजूला सारलात. मग एक वास आला. वांग्याच्या सालीचा नव्हे. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत, मग आपल्या करंगळीकडे. करंगळीची कातडी पांढरी पडून सुटली होती, आणि तुम्ही 'स्स' सुद्धा केलं नव्हतं.

मला तेव्हा करंगळीची भीती वाटली नाही. तुमच्या चेहऱ्याची वाटली. तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून तुम्ही बदललात. वावरातल्या खोपीत झोपायला लागलात. म्हणे, डुकरं येतात. जर्मनची एक थाळी आणि एक गिलास वेगळा काढलात. सदरा मला धुवू देईनात. मी जवळ आले की उठून जात होता. मी काय समजायचं होतं सांगा? माझी खात्री झाली की कुणीतरी दुसरी आहे. विहिरीवरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या तरी वाटायचं, यांना माहीत आहे, मलाच नाही. तुमच्या सदऱ्याचा वास घेऊन पाहायची मी. आणि तुम्ही माझ्या हातून तो सदरा हिसकून घ्यायचे!

दिवस गेल्याचं मी तुम्हाला सांगितलं तो प्रसंग आठवतो? मला वाटलं, आता तरी हसतील. तुम्ही मटकन खाली बसलात. नंतर म्हणालात, "बाळंतपणाले माहेरी जाय. लवकर जाय."

"अजून लय दिवस हायेत. आतापासून काऊन?"

"सांगतो तसं कर."

मी गेले. रागानं गेले. आणि घाबरतही. परत बोलावतील की नाही, ही ती भीती.

शांता झाली. दादानं, माझ्या भावानं, तुम्हाला निरोप धाडला. बारसं होऊन गेलं तरी तुम्ही आला नाहीत. मी रोज दारात बसून येणारा-जाणारा बघायची. आई काही विचारायची नाही. त्यानंच जास्त भीती वाटायची.

मग एका बाजाराच्या दिवशी दादा घरात आला. पिशवी कोपऱ्यात टाकली, आईला आत पाठवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाजी भेटले बाजारात."

मी पोरीला घेऊन उठलेच. "कुठं हायेत? घरी काऊन नाई आणलं?"

"चालले गेले. पोरगी बी पाह्यली नाई." दादाचा आवाज फाटला. "मले म्हणाले, तिले परत धाडू नका. मले रक्तपिती झाली."

तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, आज सांगते. ते ऐकल्यावर मला सगळ्यात आधी हायसं वाटलं. दुसरी बाई नव्हती! एवढंच आधी कळलं. रोगाचं नाव, महारोग, ते मागाहून कळलं. ते कळल्यावर मात्र मी खाली बसले. पोरीला मांडीवर उघडी करून मी तिचं अंग बघायला लागले, बोटं, कान, पाठ. आईनं आतून येऊन बघितलं आणि तीही माझ्याशेजारी बसून बघायला लागली. आम्ही दोघी मायलेकी नुसतं त्या एवढ्याशा जिवाला उलटंपालटं करत होतो. ती रडत होती, तिला थंडी वाजत होती.

दादा वाईट नव्हता. "पाट लावून देऊ तुहा दुसरीकडे," म्हणाला. "लोकाईले काई सांगायची गरज नाई. जमत नव्हतं म्हणून आली, असं सांगू." आणि खरं सांगू का, मी लगेच नाही म्हटलं नाही. म्हणवतच नव्हतं. मला तुमच्या हाताची भीती वाटत होती. त्याच हातानं तुम्ही माझ्या केसांतली कचरकाडी काढायचे, तोच हात. डोळे मिटले की त्या करंगळीची सुटलेली कातडी दिसायची आणि मी अंग चोरून घ्यायची.

काय झालं मग? मोठं काही झालं नाही. एक दिवस आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि मी बघत बसले होते. मनात आलं, त्यांना भाकरी कोण करून देत असेल? तव्यावर त्यांचा हात भाजला तर त्यांना कळणार नाही. कुणीतरी सांगायला हवं, हात भाजतोय म्हणून. एवढंच. ते मनात आलं आणि मग जाईना.

दादा दारात आडवा उभा राहिला. "गेली तर पुन्हा ह्या घरी येऊ नको. मह्या बी पोरी हायेत, द्वारके. त्याईचे लग्न व्हायचे हायेत."

मी त्याच्या पाया पडले आणि निघाले. त्यानं ते खरं केलं. आईच्या मातीलाही मला लांबूनच उभं राहू दिलं. पण दादानं तोंड उघडलं नाही कधी, हेही खरं.

बीबीला एस.टी.तून उतरले, पोरीला पदराखाली झाकून थेट वावरात आले. तुम्ही मेथीच्या वाफ्यात होता. मला पाहून मागं सरलात. मागं सरता सरता वाफा तुडवलात.

"तथीच थांब! पोरीले जवळ आणू नको!"

"नाई आणत. मी बी येत नाई. पण दाक्तरकडे चाला."

"काई उपयोग नाई त्याचा."

"तुमाले कोणं सांगितलं? पाह्यलं काय तुमी दाक्तर?"

तुम्ही मान फिरवलीत. पाहिलाच नव्हता! एवढे दिवस एकटे खोपीत बसून आपलेच आपण मेल्यासारखे झाला होता. मला इतका राग आला, की भीती जरा वेळ बाजूला राहिली. मी धुऱ्यावर बसून पोरीला पाजायला घेतलं आणि म्हटलं, "तुमी येईस्तोवर मी उठत नाई."

मेहकरला गेलो असतो तर ओळखीचं कुणी भेटलं असतं. म्हणून जालन्याची गाडी धरली. तुम्ही पुढं बसलात, मी मागं, जसे एकमेकांचे कुणीच नव्हतो. दवाखान्याच्या बाकावर आणखी माणसं होती. एकाला नाकच नव्हतं म्हणायला हरकत नाही. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि उठून चालायला लागलात. मी सदऱ्याचं टोक धरलं. लग्नानंतर चारचौघांत मी तुम्हाला धरलं ते पहिल्यांदा.

डॉक्टर म्हातारे होते, मान वाकडी करून बोलायचे. त्यांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं, कापसाचा एक तंतू घेतला आणि तुमच्या हातावर टेकवला. "कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा." खांद्यावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. दंडावर ठेवलंत. मग कोपराखाली तंतू टेकला आणि तुम्ही तसेच बसून राहिलात, डोळे मिटून, वाट बघत. "लावा ना," म्हणालात. डॉक्टरांनी तर केव्हाच लावला होता. मी तिथंच तोंडात पदर कोंबला.

"बाई, तुम्ही यांच्याबरोबर राहणार?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"हाव," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं.

"हा पसरणारा प्रकार नाही. लेकरू जवळ घ्या, एकत्र जेवा, काही होत नाही. गोळ्या पुष्कळ वर्षं घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही. आणि यांना लागलेलं यांना कळणार नाही. तेव्हा रोज यांचे हातपाय तुम्ही बघायचे. कुठे कापलंय, कुठे भाजलंय, काटा शिरलाय. यांचं दुखणं तुम्ही हुडकायचं."

ते म्हणाले काही होत नाही. पण भीतीला डॉक्टरचं बोलणं कुठं ऐकू येतं? पहिल्या दिवशी सांज व्हायच्या आधी मी परातीत कोमट पाणी घेऊन बसले. तुम्ही समोर बसलात, हात पाठीमागं. "राहू दे," म्हणालात. "आणा इकडं," मी म्हटलं. तुम्ही हात पुढं केलात आणि माझाच हात पुढं जाईना! तुम्हाला ते दिसलं. तुम्ही परात पायानं लोटलीत, सगळं पाणी अंगणात. "म्हटलं होतं ना, नको येऊ म्हणून!" शांता दचकून रडायला लागली. मी परात उचलली, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा बसले. तेव्हा तुमचा हात धरला तो मला काही फार प्रेम आलं म्हणून नाही. तुम्ही रडत होता म्हणून धरला.

प्रेम मागाहून आलं, हळूहळू आलं, त्या परातीतच आलं. रोज हात धुवायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, तळपाय बघायचे, खोबरेल चोळायचं. कितीतरी दिवस मी ते करून झालं की बाहेर जाऊन राखेनं हात घासायची. तुम्हाला ते दिसायचं, तुम्ही काही बोलायचे नाही. मग एक दिवस राखेनं घासायचं विसरून गेले. भाकरी थापायला बसले, अर्धं पीठ झालं तेव्हा लक्षात आलं. तुम्ही दारातून माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी तुम्ही किती दिवसांनी पुन्हा बेसूर गायलात!

आपलं बोलणंही तिथंच पुन्हा सुरू झालं. तळपाय माझ्या मांडीवर असताना तुम्हाला पाणी सोडायला जाता येत नव्हतं ना! काटा सापडला की म्हणायचे, "सापडला का चोर?" मी म्हणायची, "चोर नाई, पाहुणा हाय, दोन दिवसांपासून मुक्कामाले." हसता हसता मी मात्र दिवस मोजत असायची. दोन दिवस तो काटा आत होता आणि काल मी नीट पाहिलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. तुम्हीही मान्य करणार नाही. वांग्याच्या वाफ्यात खुरपताना मला मातीत गोळ्या सापडल्या होत्या, आठवतं? पांढऱ्या गोळ्या, मुळांपाशी पुरलेल्या. किती दिवस पुरत होतात देव जाणे! मी ओंजळीत घेऊन खोपीत आले. तुम्ही म्हणालात, "कंटाळलो. करंगळी वाकून गेली, आता बाजूचं बोट बी वाकून राह्यलं. कशाले घेऊ?"

"घेत नाई?"

"नाई."

"मग मी घेते." मी मातीसकट एक गोळी जिभेवर ठेवली.

तुम्ही झेप घेऊन माझ्या तोंडात बोट घातलंत, ती वाकलेली करंगळीच! गोळी बाहेर काढलीत. माझ्या ओठाला नख लागलं, रक्त आलं. दोघंही हादरून बसलो. त्यानंतर तुमची गोळी कधी चुकली नाही.

आणि बाजार. करंगळी वाकली तेव्हापासून तागडी मी धरायला लागले. माळ्याच्या हाताला रक्तपिती आहे असं कळलं असतं तर त्याची मेथी कुणी घरात नेली असती? लोक म्हणायचे, बायकोला बाजारात बसवतो आणि आपण वावरात लोळतो. तुम्ही ऐकून घ्यायचे. एकदा मात्र पाटी उतरवायला आलात आणि एका दांडग्या गिऱ्हाइकानं तुमचं मनगटच धरलं. "हे काय झालं बे करंगळीले?"

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. "मोटेच्या दोरात सापडली," मी म्हटलं. "हाडच मोडलं. घ्या ना मेथी, ताजी हाय." त्यानं हात सोडला. मेथीही घेतली. मी जुडी बांधली ती कशी बांधली मलाच माहीत.

घरी आल्यावर तुम्ही शांताला उचलून माझ्यापुढं उभं केलंत. "हिच्या डोक्यावर हात ठेव. कोणाले सांगणार नाई म्हण. मी मेलो तरी नाई. हिचं लग्न कोण करन नाई तर?" शांताला वाटलं खेळ आहे. ती हसत होती. मी हात ठेवला.

पुढं डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. "झालं," म्हणाले, "आता हातापायांची काळजी घ्या फक्त." त्या दिवशी गाडीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मी म्हटलं, लोक बघतील. तुम्ही म्हणालात, "पाहू दे." आणि दोन वर्षं झाली नाहीत तोच कावीळ झाली, आणि गेलात! एवढ्या मोठ्या दुखण्यातून मी तुम्हाला ओढून आणलं ते अशा कारणानं जाण्यासाठी? रागावू का तुमच्यावर? कधी कधी रागावते. तुम्हाला न्हाऊ घालायला माणसं जमली तेव्हा मी आडवी झाले. हात मीच धुणार म्हटलं. लोकांना वाटलं बाई वेडी झाली. मला एवढंच माहीत होतं की तुमच्या कोपराखालचे डाग आजही कुणाला दिसता कामा नयेत. रडायला मला त्या दिवशी सवडच मिळाली नाही.

शांता शाळेतून आली. थांबते.

---

काल इथवर लिहिलं होतं. आज पुन्हा बसले आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल शांता आली तेव्हा मी तिला जेवायला वाढलं आणि समोर बसले. शपथ तिच्या डोक्यावरची, तेव्हा आधी तिलाच विचारायला हवं असं वाटलं. अजून परकरातली पोर, पण समज मोठी आहे. मी सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तिच्या ताटाकडे बघत सांगितलं. तिचा हात थांबला.

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "बाबाले दुखे काय लय?"

"नाई वं. दुखत नव्हतं, त्याचंच तर भेव होतं."

ती उठली, दारात उजेडाला गेली आणि आपल्या दोन्ही हातांच्या बाह्या वर करून बघायला लागली. कोपर, दंड, मनगट. अहो, माझं काळीज फाटलं! ज्या भीतीपासून हिला दूर ठेवायचं म्हणून आपण एवढे जपलो, ती मी आज माझ्या हातानं तिला दिली. "तुले काई नाई," मी म्हटलं. "दाक्तरनं तुले किती वेळा पाह्यलं." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

बाह्या खाली करून ती परत आली आणि म्हणाली, "रुखमावहिनी शाळेच्या वाटेवर दिसली होती मले. एकटीच रडून राह्यली होती. तू तिले सांगून दे, माय."

"तुह्या लग्नाच्या वक्ताले कोणी बोललं तर?"

"मले काय माहीत," ती म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली. अर्धी भाकरी तशीच होती.

आज सकाळी गेले नामदेवकडे. दारात रुखमाचं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. नामदेव गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता, अंगावर घोंगडं, हात आत. सगळे तुमच्यासारखेच असतात का हो, हात लपवणारे?

मी बसले. पाणी मागितलं. मग म्हटलं, "माह्या घरच्याईले रक्तपिती होती."

मोठ्यानं म्हटलं. कुडाच्या पलीकडे कुणी असेल तर ऐकू जाईल इतकं. मला मुद्दाम मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, आवाजाचं मापच राहिलं नाही. रुखमा जमिनीवर बसली. नामदेव माझ्याकडे बघत राहिला.

"काकू, तुमी मले धीर द्यायले खोटं बोलून राह्यल्या."

"खोटं तर इतके वर्ष बोलली रे बाप्पा. दाखव हात."

तो दाखवेना. मी घोंगडं बाजूला केलं आणि हात धरला. त्यानं ओढून घेतला, मी पुन्हा धरला. गरम होता हात, कामाचा, घट्टे पडलेला. माझी बोटं आपोआप सैल पडायला लागली. इतक्या वर्षांनीही! बघा, भीती जात नाही. मी धरून ठेवला.

"लोकाईले समजलं तर?" तो म्हणाला.

"समजन," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

रुखमानं विचारलं, "काकू, तुमाले भेव नाई वाटलं?"

"लय वाटलं. आता बी वाटते. तुले बी वाटन. दिवसातून एक डाव ह्याचे हात हातात घेत जाय. भेव वाटलं तरी घेत जाय. कधी लवकर सोडशीन, कधी सोडायचं ध्यानात राह्यनार नाई. अन् दाक्तर काय म्हणते ते आधी आयकू. मी दाक्तर नाई."

तिनं गाठोडं सोडलं नाही. पण उचललंही नाही. मी निघेपर्यंत ते तिथंच होतं.

परत येताना नाल्यापाशी एकीनं हटकलं, "काय वं, सकाळीच नामदेवच्या घरी?" मी "हाव" म्हणाले आणि चालत राहिले. ती मागून बघत होती, मला पाठीवर कळत होतं. आता ही गोष्ट माझ्या एकटीच्या हातात राहिली नाही. कुठून कुठं जाईल, बाजारात माझ्या पाटीपुढं उद्या कोण थांबेल, कोण वळसा घालून जाईल, मला माहीत नाही. दादाच्या पोरींची लग्नं झाली आहेत, एवढं एक बरं.

शपथ मोडली मी. तुम्ही रागावला असाल तर रागवा. पण तुम्हाला कुणीतरी असं सकाळी येऊन सांगितलं असतं, तर तुम्ही खोपीत एकटे एवढे दिवस बसला असता का? पोरगी न पाहता बाजारातून परत गेला असता का?

आता एक शब्द देते. गुरुवारी मी या दोघांना जालन्याला घेऊन जाईन. रुखमा आणि तो शेजारी बसतील, मागं-पुढं नाही. ते म्हातारे डॉक्टर आता नसतील, दुसरे कुणी असतील. नामदेवनं मध्येच सोडलं तर मी त्याच्या दारात जाऊन बसेन, तुमच्यासाठी बसले तशी. आणि आपल्या शांताला मागणी आली, तर पोहे खायच्याही आधी मी तिच्या बापाचं दुखणं सांगेन, माझ्या तोंडानं, मुलासमोर. ज्याला भ्यायचं असेल त्यानं सुपारी फुटायच्या आधी भ्यावं. तिच्या घरात कुणी तिच्यापासून हात लपवायला नको, आणि तिलाही कुणापासून लपवायला नको.

हे सगळं मी भीत भीतच करणार आहे. तुमच्याबरोबरचा संसारही तसाच केला, आणि चांगला झाला.

तुमची,
द्वारका